कथलाचे सौरसेल: एक्सपीएसमध्ये दिसतं ते नेमकं कुठल्या बाजूचं?

अणूरेणू

विज्ञान विभागात पेरोव्हस्काइट (एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ) सौरसेलवर जुने धागे आहेत, पण ते सगळे शिशाच्या सेलचे. मी पीएचडीला बिनशिशाच्या सेलवर काम करते, म्हणजे शिशाच्या जागी कथील. लॅबमध्ये सगळे टिनच म्हणतात, मीही पुढे तेच लिहिते. प्रश्न जरा तांत्रिक आहे, पण इथे पृष्ठभागाच्या मोजमापांत मुरलेली दोन-तीन मंडळी आहेत, म्हणून विचारायचं धाडस.

आधी थोडी पार्श्वभूमी. 2009 मध्ये जपानात मियासाका यांच्या गटाने पहिला पेरोव्हस्काइट सेल केला तो 3.8 टक्के कार्यक्षमतेचा. आज शिशाचे सेल 26 च्या पुढे आहेत. टिनचं खातं 2014 मध्ये उघडलं. ऑक्सफर्ड आणि नॉर्थवेस्टर्न इथल्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी मिथिलअमोनियम टिन आयोडाइडचे सहा टक्क्यांच्या आसपासचे सेल दाखवले. त्याच वर्षी सिंगापूरच्या एनटीयूत सुबोध म्हैसाळकर आणि नृपन मॅथ्यूज यांच्या गटाने सीझियम टिन आयोडाइडमध्ये टिन फ्लोराइड घालून दोन टक्के काढले. आकडा लहान, पण ते टिन फ्लोराइड आजही जवळजवळ प्रत्येक रेसिपीत असतं. आता टिन 15 च्या वर सरकलंय.

गंमत म्हणजे पदार्थात खोट नाही. फॉर्मअमिडिनियम टिन आयोडाइडचा बँडगॅप (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) 1.41 इव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट), म्हणजे शिशाच्या नेहमीच्या पदार्थांपेक्षा आदर्शाच्या जास्त जवळ. करंट बऱ्यापैकी मिळतो, मार बसतो व्होल्टेजला. या बँडगॅपला 1.15 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत आणि साधासुधा टिन सेल 0.5 ते 0.6 वर अडकतो. अर्धा व्होल्ट जातो कुठे? बराचसा थरांच्या सीमांवर, असं आता बहुतेक जण मानतात.

आता प्रश्न. पेपरांचा एक ठरलेला साचा झालाय: अमुक रेणू मिसळला, एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन बाहेर काढून अणू कोणत्या अवस्थेत आहेत ते बघायची पद्धत) टिन-फोर, म्हणजे ऑक्सिडाइज झालेलं टिन, कमी दिसलं, म्हणून व्होल्टेज वाढलं. माझ्याकडेही अस्साच आलेख आहे. सर खूश आहेत, लिहायला घे म्हणतात. पण एक्सपीएस वरचे सहा-सात नॅनोमीटर बघतं, फार तर दहा. माझा थर दोनशे नॅनोमीटरचा. खालची बाजू, जिथे होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरणाऱ्या धनभारित रिकाम्या जागा) बाहेर पडतात, ती या आलेखात नाहीच. मग ‘म्हणून’ हा शब्द मी कशाच्या जोरावर लिहू?

काजवा

वाचतोय. आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठी सेलचे थर खालून वर एकदा सांगाल का? आणि टिन-टू, टिन-फोर ही काय भानगड आहे?

अणूरेणू

@काजवा, खाली आयटीओची, म्हणजे पारदर्शक विद्युतवाहक थर दिलेली काच. तिच्यावर पेडॉट-पीएसएस हा वाहक पॉलिमर, 30-40 नॅनोमीटर. हा होल नेणारा थर. मग टिन पेरोव्हस्काइट. वर सी-60 हे फुलरीन (कार्बनचा पोकळ गोल रेणू) किंवा त्याचाच भाऊबंद पीसीबीएम, म्हणजे इलेक्ट्रॉन नेणारा थर. त्यावर बीसीपीचा अगदी पातळ थर आणि शेवटी चांदी.

पेरोव्हस्काइटमध्ये टिनने दोन इलेक्ट्रॉन दिलेले असायला हवेत, तो टिन-टू. शिसं त्या अवस्थेत सुखाने बसतं. टिनला आणखी दोन देऊन टाकायची घाई असते, तो टिन-फोर. तसं झालं की स्फटिकात टिनच्या जागा रिकाम्या पडतात आणि थरात फुकटचे होल भरतात. म्हणजे आपण डोप (मुद्दाम भेसळ) न करताच थर पी-टाइप होऊन बसतो.

निशाचर

चांगला प्रश्न आहे आणि तुमची शंका रास्त आहे. मी बर्लिनजवळ फोटोइमिशनवर (एक्सपीएस त्यातलंच) काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, वरच्या सहा नॅनोमीटरचासुद्धा टिन-फोरचा आकडा दिसतो तितका भरवशाचा नसतो. टिन-टू आणि टिन-फोर यांच्या शिखरांत अर्धा ते पाऊण इव्हीचं अंतर, आणि एकेका शिखराची रुंदी एक इव्हीच्या वर. दोन शिखरं बसवायची म्हटलं की सॉफ्टवेअर कुठलंही उत्तर देतं. त्यात टिन फ्लोराइड असेल तर आणखी पंचाईत, कारण फ्लोरिनला बांधलेला टिन-टूही जास्त बंधन-ऊर्जेकडे सरकतो आणि टिन-फोरच्या जागी जाऊन बसतो. तुमच्या रेणूने टिन-फोर घटवलं की पृष्ठभागावरचं फ्लोराइड हलवलं, हे एकट्या टिनच्या शिखरावरून कळणार नाही. फ्लोरिनचं शिखर घेतलंय का? आणि टिनची ऑजे रेषा (अणूतून दुसऱ्या टप्प्यात सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची)? ऑजे पॅरामीटरला (मुख्य शिखर आणि ऑजे रेषा मिळून येणाऱ्या आकड्याला) नमुन्यावर भार साचण्याची आणि पट्टी जुळवायला 284.8 इव्हीच्या कार्बन शिखरावर टेकण्याची फारशी भानगड नसते, तो या दोन अवस्था जास्त स्वच्छ वेगळ्या करतो. तासभर जास्त लागतो, म्हणून कोणी घेत नाही.

दुसरं, कृपा करून आर्गॉनने खरवडून ‘डेप्थ प्रोफाइल’ देऊ नका. आर्गॉनचे आयन आधी आयोडीन उडवतात आणि मागे राहिलेल्या टिनला क्षपित (ऑक्सिडेशनच्या उलट) करतात. 485 इव्हीच्या आसपास धातुरूप टिन दिसायला लागतं आणि पेपरात लिहिलेलं असतं की आतमध्ये ऑक्सिडेशन नाही. अहो, तुम्हीच ते पुसलंत! असे पेपर परीक्षणाला आले की माझी संध्याकाळ जाते.

तिसरं, क्ष-किरणसुद्धा नमुना बदलतात. पहिला स्कॅन लवकर आटोपून घ्या आणि शेवटी तोच पुन्हा घ्या. दोन्ही जुळले तर पुढे बोलायचं.

खालच्या बाजूबद्दल सावकाश लिहितो, इथे जेवायची वेळ झाली.

मुळामुठा

मी सोलर प्रकल्प उभारणीत आहे, प्रयोगशाळेतला नाही. भाबडा प्रश्न समजा: एवढा खटाटोप कशासाठी? अर्ध्या मायक्रॉनच्या शिशाच्या थरात एका चौरस मीटरला पाऊण ग्रॅमहूनही कमी शिसं असतं. आम्ही लावतो त्या सिलिकॉन पॅनलच्या डाखात याच्या कित्येक पट शिसं असतं आणि त्यावर कोणी धागा काढत नाही. युरोपच्या रोह्स (विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवरच्या) नियमांतूनही कायम बसवलेल्या पॅनलना सूट आहे. टिनचा सेल उघड्यावर काही तास टिकत नाही आणि गिऱ्हाईक पंचवीस वर्षांची हमी मागतं.

सातारी_कंदी

@मुळामुठा, डाखातलं शिसं धातूरूपात असतं. लेड आयोडाइड पाण्यात थोडं का होईना विरघळतं. ग्रॅमची तुलना ग्रॅमशी करून भागत नाही, ते कोणत्या रूपात आहे तेही बघावं लागतं.

पण टिनही काही तुळशीपत्र नाही. 2016 मध्ये झेब्राफिशच्या भ्रूणांवर लेड आयोडाइड आणि टिन आयोडाइड दोन्ही तपासले होते. टिन आयोडाइडने पाणी इतकं आम्लधर्मी केलं की त्यानेच मासे गेले. तेव्हा ‘बिनशिशाचं म्हणजे निर्धोक’ हे मार्केटिंगवाल्यांचं वाक्य झालं.

मुळामुठा

हे नवीन कळलं, धन्यवाद. हमीचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. :)

अणूरेणू

सोडू नका, पण त्यावर वेगळा धागा काढूया, नाहीतर हा त्यातच वाहून जाईल.

हळद्या

मी पोस्टडॉक, ऊर्जा-पातळ्यांच्या बाजूचा. माझ्या मते तुम्ही सगळे टिन-फोरच्या मागे नको इतके लागला आहात. व्होल्टेजची मोठी चोरी वरच्या बाजूला होते, आणि तिथे ऑक्सिडेशनचा संबंध कमी आहे.

टिन पेरोव्हस्काइटचा कंडक्शन बँड (मोकळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा-पातळी) शिशाच्या तुलनेत बराच वर असतो. सी-60 आणि पीसीबीएम शिशाच्या मापाने शिवलेले, त्यांची पातळी खाली. इलेक्ट्रॉन पेरोव्हस्काइटमधून फुलरीनमध्ये उतरताना जी पायरी पडते ती सरळ व्होल्टेजमधून कापली जाते. 2020 मध्ये शांघायटेकच्या निंग यांच्या गटाने पीसीबीएमऐवजी आयसीबीए हे दुसरं फुलरीन लावलं, त्याची पातळी वर आहे. व्होल्टेज 0.94 वर गेलं आणि कार्यक्षमता 12.4 टक्के. माझ्या लेखी टिनच्या इतिहासातला हा सगळ्यात शिकवणारा प्रयोग आहे.

आता मोजायचं कसं. एक्सपीएस बाजूला ठेवा आणि निरपेक्ष फोटोल्युमिनेसन्स (पीएल) घ्या. काचेवर नुसता थर, मग पेडॉटवर थर, मग काचेवरच्या थरावर सी-60, शेवटी पूर्ण सेल. प्रत्येक ठिकाणी थर किती टक्के प्रकाश परत देतो ते बघा. खोलीच्या तापमानाला प्रकाश दहापट घटला की साधारण 60 मिलिव्होल्ट गेले. नुसता थर 1 टक्का देत असेल आणि सी-60 टाकल्यावर 0.01 टक्का उरत असेल, तर 120 मिलिव्होल्ट त्या एका सीमेने खाल्ले. हिशेब कागदावर मांडता येतो, वाद घालायला जागा राहत नाही.

आणि पूर्ण सेलचं प्रत्यक्ष व्होल्टेज या प्रकाशाच्या हिशेबापेक्षाही कमी निघालं, तर तो तोटा वेगळा, पातळ्या न जुळल्याचा. दोन रोगांची औषधं वेगळी, आणि पेपरांत बहुतेक वेळा दोन्ही ‘पॅसिव्हेशन’ (दोष निष्प्रभ करणं) या एकाच नावाखाली जातात.

अणूरेणू

@हळद्या, हे पटलं. आमच्याकडे त्यासाठीचा इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळा प्रकाश गोळा करणारा गोल) नाही, पण शेजारच्या विभागात आहे, विचारते. टीआरपीएल (लेझरच्या स्पंदानंतर तो प्रकाश किती वेगाने विझतो ते मोजणं) मात्र आहे. पेडॉटवर ठेवलेल्या थराचा क्षय काचेवरच्यापेक्षा वेगवान येतो. सरांच्या मते हा होल चांगले बाहेर पडत असल्याचा पुरावा आहे.

हळद्या

किंवा होल तिथे चांगले मरत असल्याचा. टीआरपीएलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

टिनमध्ये आणखी एक खोच आहे. थर आपोआप पी-टाइप आहे, मग प्रकाशाने तयार झालेल्या इलेक्ट्रॉनला जोडीदार शोधावाच लागत नाही, आजूबाजूला होलच होल. त्यामुळे जास्त डोप झालेला थर कधी जास्त उजळ दिसतो आणि त्याचं आयुर्मान मात्र कमी येतं. आयुर्मानाचा एकच आकडा घेऊन ‘दोष कमी झाले’ म्हणणं टिनमध्ये शिशापेक्षा कितीतरी जोखमीचं. वेगवेगळ्या लेझर तीव्रतांना मोजा. क्षय तीव्रतेबरोबर बदलत नसेल तर डोपिंगचा संशय घ्या.

तसंच मॉट-शॉट्कीचं, म्हणजे व्होल्टेजनुसार कपॅसिटन्स मोजून काढलेल्या आलेखाचं. एवढ्या पातळ थरात, आयन इकडून तिकडे पळत असताना, त्या उतारावरून डोपिंगचा आकडा काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

निशाचर

परत आलो. @हळद्या यांच्याशी बराचसा सहमत, पण ‘ऑक्सिडेशनचा संबंध कमी’ याच्याशी नाही, आणि खालच्या बाजूला इतक्या लवकर क्लीन चिट देऊ नका.

पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी आहे, पाणी धरून ठेवतं, त्यात सल्फोनेट गट आहेत. टिनच्या मिठांचं द्रावण यावर ओतलं तर काहीच घडणार नाही असं मानायला कारण नाही. 2022 मध्ये श्टुटगार्टच्या झेडएसडब्ल्यू संस्थेतून, बेल्जियमच्या हॅसेल्ट विद्यापीठासोबत, हॅक्सपेस वापरून यावर काम आलं. हॅक्सपेस म्हणजे तेच फोटोइमिशन, पण क्ष-किरण जास्त ऊर्जेचे, त्यामुळे इलेक्ट्रॉन बऱ्याच खोलीवरून बाहेर येऊ शकतात. त्यांना दिसलं की टिन फ्लोराइड थरात सगळीकडे सारखं पसरत नाही, ते पेडॉटच्या सीमेवर गोळा होतं, आणि तिथे सरासरी 1.2 नॅनोमीटरचा टिन सल्फाइडचा थर तयार होतो. सल्फर अर्थातच पेडॉट-पीएसएसमधला.

आता विचार करा. गेली दहा वर्षं सगळे ‘पेडॉट / टिन पेरोव्हस्काइट’ अशी सीमा काढून पातळ्यांची चित्रं रंगवतायत आणि प्रत्यक्षात मध्ये एक तिसराच पदार्थ बसलाय, जो कोणी मुद्दाम टाकला नव्हता. नुसत्या पेडॉटवर यूपीएस (ऊर्जा-पातळ्या मोजायला अतिनील प्रकाशाने केलेलं फोटोइमिशन), नुसत्या पेरोव्हस्काइटवर यूपीएस, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून जिना काढायचा, ही पद्धत इथे कोसळते. शितावरून भाताची परीक्षा चालते, पण भात सगळीकडे एकसारखा शिजला असेल तरच.

यूपीएसबद्दल चिमूटभर आणखी. 21.2 इव्हीच्या हीलियम दिव्याने वरचे एक-दोन नॅनोमीटर दिसतात. पेरोव्हस्काइटच्या व्हॅलन्स बँडच्या (इलेक्ट्रॉनने भरलेल्या पातळ्यांच्या पट्ट्याच्या) काठाला अवस्था विरळ असतात, त्यामुळे काठ सरळ पट्टीवर काढला की लॉग पट्टीवर, याने दोन-तीन दशांश इव्हीचा फरक पडतो. ज्या ‘पायऱ्यां’वर पेपर उभे असतात त्या साधारण तेवढ्याच.

काजवा

मग पेडॉट काढूनच टाका की!

निशाचर

काढतायत. कार्बाझोलच्या रेणूंचा एकपदरी थर, ज्याला एसएएम म्हणतात, तो शिशाच्या सेलमध्ये कमालीचा यशस्वी झाला. टिनमध्ये अडचण अशी की नेहमीचं द्रावण त्याच्यावर धड पसरत नाही आणि थराला भोकं पडतात. टिनचं स्फटिकीकरण मुळात शिशापेक्षा फार वेगाने होतं. 2023 मध्ये आंतोनियो आबाते यांच्या गटाने डीएमएसओ हे नेहमीचं द्रावक काढून दुसरं वापरलं तेव्हा एका पायरीत एसएएमवर थर बसला, पण कार्यक्षमता सहाच्याही आतच राहिली. डीएमएसओ जाण्यात दुसराही फायदा आहे, ते स्वतःच तापवताना टिन-टूला ऑक्सिडाइज करतं. म्हणजे हवा येण्याआधीच शाईत, म्हणजे द्रावणातच, घात.

जुन्या एन-आय-पी रचनेत (इलेक्ट्रॉन नेणारा थर खाली, होल नेणारा वर) परत जायचं म्हटलं तर टायटॅनियाची पातळी टिनसाठी खूपच खाली. वरच्या स्पायरोला (होल नेणाऱ्या सेंद्रिय थराला) चांगली चालकता यायला ऑक्सिजन लागतो, आणि टिनला ऑक्सिजन चालत नाही. संसार व्हायचा कसा?

सातारी_कंदी

ऑक्सिजनवरून. इंपिरियल कॉलेजच्या गटाचं 2021 चं काम इथे यायला हवं. टिन-टू ऑक्सिडाइज झालं की टिन-फोर आयोडाइड बनतं. ते ओलाव्याशी मिळून हायड्रोजन आयोडाइड देतं, त्यावर ऑक्सिजन आला की मोकळं आयोडीन, आणि आयोडीन पुढच्या टिन-टूला ऑक्सिडाइज करतं. चक्र स्वतःच स्वतःला चालवतं. म्हणून सुरुवातीचा थोडासा टिन-फोरही महाग पडतो, आणि म्हणूनच पाणी धरणारं पेडॉट शेजारी असणं वाईट. @हळद्या, व्होल्टेजची चोरी वर होत असेल, पण सेल मरतो तो या चक्राने.

हळद्या

टिकण्याबद्दल मान्य. मी पहिल्या दिवसाच्या व्होल्टेजबद्दल बोलत होतो. आयसीबीएवाल्या सेलच्या खालीही पेडॉटच होतं, आणि तरी 0.94 मिळाले. यावरून माझा अग्रक्रम ठरतो.

निशाचर

तो सेल नुसत्या आयसीबीएने झालेला नाही, पेरोव्हस्काइटचा थरही सुधारलेला होता. पण अग्रक्रमाबद्दल भांडत नाही.

काजवा

एक शंका. ऑक्साइड दरवेळी वाईटच का? सिलिकॉनला तर त्याचा फायदाच होतो ना?

सातारी_कंदी

छान शंका! 2019 मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातून नेमकं हेच आलं होतं. सीझियमच्या पदार्थात निम्मं टिन, निम्मं जर्मेनियम. हवेत नेल्यावर जर्मेनियम आधी ऑक्सिडाइज होतं आणि पृष्ठभागावर काही नॅनोमीटरचं ऑक्साइड बसतं, ते आतल्या टिनला राखतं. 7.11 टक्के आणि टिनच्या मानाने उत्तम टिकाऊपणा. म्हणजे आपोआप झालेला सीमाथर शत्रूच असतो असं नाही. वर आलेल्या टिन सल्फाइडचंही कदाचित तसंच असेल, त्याला अजून कोणी धड दोषीही ठरवलेलं नाही आणि निर्दोषही.

कोरडाठाक

इतका वेळ नुसता वाचत होतो. तुमची थिअरी झकास, पण नमुना ग्लोव्हबॉक्समधून (हवाबंद पेटीतून) एक्सपीएसच्या चेंबरपर्यंत जातो कसा, हे कोणी विचारलंच नाही. कोकणपट्टीत लॅब असलेल्या माणसाला हे आधी सुचतं.

मी पाहिलेला प्रकार: बॉक्सच्या आत ऑक्सिजन एक पीपीएमच्या खाली, सगळं चोख. मग नमुना झिपच्या पिशवीत, पिशवी रिक्षात, जुलै महिना, आणि सामायिक उपकरण केंद्रावर आधीच्या माणसाचं आटपेपर्यंत ताटकळत. पिशवी उघडते तेव्हा थराचा काळसर आरसा कडांनी फिकट झालेला. मग एक्सपीएस जे टिन-फोर दाखवतं ते रिक्षातलं. त्यात ज्या नमुन्यांत हायड्रोफोबिक रेणू घातलाय ते कमी बिघडतात, आणि निष्कर्ष निघतो की रेणूने थर तयार होताना ऑक्सिडेशन रोखलं. रोखलं ते प्रवासातलं.

व्हॅक्यूम सुटकेस मिळाली तर उत्तमच. नाही तर निदान केएफ फ्लँजच्या (हवाबंद जोड असलेल्या) नळीत बंद करून न्या, आणि ज्याला काहीच घातलं नाही असा नमुना त्याच नळीत, त्याच फेरीत. दुसऱ्या दिवशीचा कंट्रोल टिनमध्ये कंट्रोल नसतो.

खालची बाजू बघायला सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) हवाच असंही नाही. चांदीपर्यंत पूर्ण केलेला सेल घ्या. चांदीवर एपॉक्सीचा थेंब, त्यावर काचेचा तुकडा, सुकू द्या, सगळं बॉक्समध्येच. नुसत्या पेरोव्हस्काइटवर एपॉक्सी लावू नका, त्याच्या हार्डनरमधले अमाइन थराला खातात. मग ब्लेडच्या टोकाने कोपऱ्यातून उचका. नशीब असेल तर पेडॉटच्या सीमेवरून सगळं एका झटक्यात सुटतं आणि आजवर खाली दडलेला चेहरा वर येतो. नशीब नसेल तर सी-60 वरूनच सुटतं, मग पुन्हा. कुठून सुटलं हे गृहीत धरायचं नाही, दोन्ही तुकडे एक्सपीएसमध्ये घालायचे.

निशाचर

@कोरडाठाक, प्रवासाचा मुद्दा माझ्याकडून सुटलाच होता, बीमलाइनला सुटकेस असल्याचे लाड. हे उचकायचं काम नीट झालं तर हॅक्सपेसचा अर्धा प्रश्न घरच्या मशीनवर सुटतो. आणि हॅक्सपेसच हवं तर इंदूरला इंडस-2 वर तशी बीमलाइन आहे, प्रस्ताव टाकून बघा.

अणूरेणू

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता ठरवलंय ते असं: पेपर थांबवते. आधी शेजारच्या विभागात चार प्रकारच्या नमुन्यांवर निरपेक्ष पीएल, म्हणजे तोटा वर जास्त की खाली ते कळेल. खाली निघाला तर सेल उचकून दोन्ही तुकडे एक्सपीएसला. सरांना @हळद्या यांचं टीआरपीएलचं वाक्य जरा गोड करून सांगावं लागेल. @निशाचर, खालच्या बाजूवर टिनशिवाय काय काय मागू? ऑपरेटर ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटंही जास्त देत नाहीत.

निशाचर

मग आधी सल्फर मागा, टिन नंतर. पेडॉटच्या थायोफीनचं सल्फर 164 इव्हीच्या आसपास, सल्फोनेटचं 168 च्या आसपास, सल्फाइड असेल तर ते 161-162 ला वेगळं उभं राहतं. तिघांत गल्लत व्हायला जागा नाही. मग फ्लोरिन, मग टिन आणि त्याची ऑजे, शेवटी पहिला सल्फर स्कॅन पुन्हा. काचेकडच्या तुकड्यावर फक्त आयोडीन बघा. ते भरपूर दिसलं तर थर मधूनच फाटलाय आणि बाकीचं मोजण्यात अर्थ नाही.

कोरडाठाक

आणि टिन फ्लोराइड न घातलेला एक सेलही उचकून सोबत न्या. त्याच्यात 161 ला काही उभं राहतं का, ते मलाही बघायचंय. आकडे आले की इथेच टाका.